परदेशी गेलेले हात : हस्तकलेच्या एका वर्षाचे सिंहावलोकन

जुनी लुगडी, विरलेली धोतरे, मुलांचे आखूड झालेले अंगरखे, असे जे जे वस्त्र अंगावर घालण्याच्या उपयोगाचे राहिले नाही, ते ते थरावर थर अंथरावयाचे, वर रंगीत ठिगळे मांडावयाची आणि कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा घालून सारे एकजीव करावयाचे, या उद्योगातून जे पांघरूण सिद्ध होते तिला मराठी माणूस गोधडी म्हणतो. कित्येक ठिकाणी तिलाच वाकळ असे नाव आहे. गोधडीला बाजारात भाव नव्हता आणि दरबारात मान नव्हता. ती शिवणाऱ्या स्त्रीला कारागीर म्हणून कोणी ओळखले नाही. परंतु घरात जन्मलेल्या मुलाचे पहिले अंथरूण तीच होती आणि म्हाताऱ्या माणसाच्या अखेरच्या थंडीतील ऊबही तिचीच होती. रत्नागिरी आणि सातारा या जिल्ह्यांतून एकोणिसाव्या शतकात जी मराठी कुटुंबे मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेली, त्यांच्या बायाबापड्यांपाशी लिहिण्यावाचण्याची विद्या फारशी नव्हती. ही विद्या मात्र त्यांच्या बोटांत होती.

हातकामाच्या या उपेक्षित विद्येकडे अलीकडे अनेक राष्ट्रांचे लक्ष वळू लागले आहे. त्यांपैकी सौदी अरेबिया या देशाने २०२५ हे संपूर्ण वर्ष 'हस्तकला वर्ष' म्हणून पाळले. तेथील संस्कृती मंत्रालयाने त्यापूर्वी अरबी सुलेखन, सौदी कॉफी, अरबी काव्य आणि उंट यांच्या नावे अशीच वर्षे साजरी केली होती. हस्तकलेचा क्रम त्यांच्यामागून लागला. तेलाच्या संपत्तीने ज्या देशाचे रूप दोन पिढ्यांत पालटून गेले, त्या देशाला सुई, माग आणि हातोडी यांची आठवण व्हावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आणि मराठी वाचकांनी, विशेषतः ज्यांचे पूर्वज करार करून समुद्र ओलांडून गेले अशा वाचकांनी, या वर्षाकडे आस्थेने पाहावे असे एक निराळे कारणही आहे. त्या देशातील सर्वांत पूज्य मानल्या जाणाऱ्या वस्त्राच्या इतिहासात हिंदुस्थानातून गेलेल्या हातांचा वाटा आहे. तो वाटा कोणता, हे पाहण्यापूर्वी त्या वर्षात कोणकोणत्या कला पुढे आल्या त्याचा थोडक्यात परामर्श घेणे उचित होईल.

प्रथम 'सदू' या विणकामाचा उल्लेख केला पाहिजे. वाळवंटातील बदाऊनी स्त्रिया मेंढीची लोकर, शेळीचे केस आणि उंटाचे केस हातचातीवर कातीत, रंगवीत आणि जमिनीवर आडव्या मांडलेल्या मागावर त्यांच्या लांबच लांब पट्ट्या विणीत. या पट्ट्या एकमेकींना जोडून तंबू तयार होई. अरबी भाषेत त्या तंबूला 'केसांचे घर' असे म्हणतात. तंबूतील आडपडदे, उंटाच्या पाठीवरील झुली, धान्य ठेवण्याच्या पिशव्या, हे सर्व स्त्रियाच विणीत. चौकटी, त्रिकोण आणि पट्टे यांच्या मांडणीतून त्या आपल्या भोवतीचे जग कापडावर उतरवीत. २०२० मध्ये युनेस्कोने या कलेची नोंद सौदी अरेबिया व कुवेत या दोन देशांच्या नावे मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. त्याच्या आधी २०१७ मध्ये असीर प्रांतातील स्त्रिया घराच्या आतील भिंतींवर जी रंगीत नक्षी काढतात, त्या 'अल्-कत्त' कलेलाही हा मान मिळाला होता. या दोन्ही कला गृहिणींच्या होत. आईने मुलीला आणि शेजारणीने शेजारणीला शिकवावे, हेच त्यांचे विद्यापीठ होते.

दुसरी कला 'बिश्त' या झग्याची. अरब पुरुष विवाहात, ईदेच्या दिवशी व मोठ्या समारंभात अंगावरून सोडतात तो हा पायघोळ झगा. देशाच्या पूर्वेकडील अल्-अहसा हे खजुरींच्या बागांचे क्षेत्र त्याच्या शिवणकामासाठी प्रसिद्ध आहे. हस्तकला व लोककला यांचे नगर म्हणून २०१५ मध्ये युनेस्कोच्या सर्जनशील नगरांत त्याचा समावेश झाला. बिश्ताच्या गळ्याच्या व पुढील कडेला सोनेरी तारांचे भरतकाम असते आणि त्या तारेला तेथील कारागीर 'ज़री' म्हणतात. पैठणीच्या पदरावर जी जर चमकते तीच ही जर. मूळ फारसी शब्द पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे दोन्ही दिशांनी गेला. डिसेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या समितीची बैठक दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरली होती. त्याच बैठकीत दीपावलीची नोंद जागतिक वारशात झाली आणि त्याच बैठकीत सौदी अरेबियासह अनेक अरब देशांच्या नावे बिश्ताचीही नोंद झाली. दिव्यांचा सण आणि जरीचा झगा एकाच बैठकीत जगापुढे यावेत, हा योगायोग सुखद म्हटला पाहिजे.

परंतु या देशात सुईच्या कामाचे सर्वोच्च स्थान ज्या वस्त्राला आहे ते म्हणजे मक्केतील काब्यावर घातला जाणारा 'किस्वा'. काळ्या रेशमाचे हे आच्छादन दर वर्षी नवे होते आणि जुने उतरविले जाते. पूर्वी हा विधी हज यात्रेच्या काळात होत असे. २०२२ पासून तो मोहरमच्या पहिल्या दिवशी, म्हणजे हिजरी वर्षाच्या आरंभी होऊ लागला. २०२५ मध्ये जूनच्या २६ तारखेस नवा किस्वा चढविण्यात आला. त्याच्या सिद्धतेस अकरा महिने लागले होते. एकूण वजन १,४१५ किलोग्रॅम, रेशमाचे ४७ तुकडे आणि त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या रुपेरी तारांनी भरलेली कुराणातील ६८ वचने, असे त्या वस्त्राचे मान होते. म्हणजे एक किस्वा पुरा झाला की पुढच्याची तयारी लागलीच सुरू होते. एका परीने येथील कारागीराचे सारे आयुष्य अशा वर्षावर्षांच्याच मापाने मोजले जाते.

या कामाची रीतही जाणून घेण्यासारखी आहे. कच्चे रेशीम प्रथम गरम पाण्यात धुऊन त्यावरील नैसर्गिक डिंक काढून टाकतात आणि मग ते काळे रंगवितात. काळ्यावर काळी अक्षरे उमटावीत अशी वीण यंत्रमागावर होते. परंतु सोनेरी अक्षरांचे काम आजही हातांनीच चालते. कापड ताणून बसविलेल्या चौकटीवर अक्षराचा आराखडा उठवितात, त्यात सुती दोऱ्यांची भर घालून अक्षराला उठाव देतात आणि त्यावरून धातूची तार एकेक टाक्याने बसवितात. बनारस, सुरत किंवा हैदराबाद येथील जरदोजी काम ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. शेवटी सर्व तुकडे जोडून त्यांना मागून जाड सुती अस्तर लावतात. तुकडे जोडणे, थर देणे आणि टाक्याने एकजीव करणे, हे पाहिले म्हणजे वैभवात जमीन-अस्मानाचे अंतर असूनही या वस्त्राचे गोधडीशी काही दूरचे नाते आहे असे म्हणावेसे वाटते. २०२५ च्या जानेवारी ते मे या महिन्यांत जेद्दा येथे इस्लामी कलांचे जे द्वैवार्षिक प्रदर्शन भरले होते, त्यात एक संपूर्ण किस्वा मक्केच्या बाहेर प्रथमच लोकांना पाहावयास मिळाला.

आता मूळ मुद्द्याकडे वळावयाचे. हा किस्वा पूर्वी मक्केत होत नसे. शतकानुशतके तो बहुधा ईजिप्तमधून येत असे. कैरो येथे मुहम्मद अलीच्या कारकीर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, त्यासाठी खास कार्यशाळा उभारली गेली होती. 'महमल' नावाच्या शृंगारलेल्या अंबारीसह मोठ्या लवाजम्याने तो मक्केस आणला जाई. १९२४ मध्ये मक्का नज्दचे अब्दुल अझीझ इब्न सौद यांच्या ताब्यात आली. १९२६ च्या हज यात्रेत मक्केजवळील मिना येथे महमलाबरोबरच्या वाद्यांवरून नज्दच्या कर्मठ अनुयायांचा व ईजिप्शियन शिबंदीचा खटका उडाला, गोळीबार झाला आणि काही माणसे प्राणास मुकली. दोन्ही राज्यांत वितुष्ट आले आणि १९२७ च्या यात्रेपूर्वी ईजिप्तने किस्वा पाठविण्याचे थांबविले.

त्या वर्षीची वेळ घाईघाईने कशीबशी निभावून नेण्यात आली. परंतु दर वर्षी दुसऱ्याच्या मर्जीवर विसंबून राहणे नको, असा विचार करून अब्दुल अझीझ यांनी १९२७ मध्येच मक्केत स्वतंत्र कार्यशाळा काढण्याचा हुकूम दिला. अजयाद या भागात इमारत उभी राहिली. इमारत झाली, पैसा होता, इच्छाही होती; मात्र एवढे भव्य रेशमी वस्त्र विणणारे आणि भरणारे हात तेथे पुरेसे नव्हते. ते हात हिंदुस्थानातून बोलावण्यात आले. हातमाग आले, विणकर आले, जरीचे भरतकाम करणारे आले. मक्केत मुसलमानांखेरीज इतरांना प्रवेश नसल्याने हे सर्व कारागीर हिंदी मुसलमान होते, हे उघडच आहे. १९२८ च्या यात्रेच्या वेळी काब्यावर जे वस्त्र चढले, ते मक्केतच, या हिंदी कारागीरांच्या मागांवर विणलेले होते.

हिंदी माणसालाच पाचारण का व्हावे, याचे उत्तर कठीण नाही. रेशीम आणि जर यांच्या कामात हिंदुस्थानची कीर्ती जुनी होती. शिवाय हिंदुस्थान आणि हेजाझ यांमधील वाट वहिवाटीची होती. हिंदी यात्रेकरूंची आगबोट मुंबई बंदरातून सुटे आणि जेद्दास लागे. विणकर ही जातच मुळी पोटामागे फिरणारी. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून निघालेल्या मोमीन विणकरांनी महाराष्ट्रात मालेगाव व भिवंडी येथे वस्ती केली आणि तेथील लुगडी विणली. जे लुगडे पुढे फाटून कोकणातील एखाद्या गोधडीचे अस्तर झाले, ते अशाच एखाद्या विणकराच्या मागावरचे असणे अशक्य नाही. हिंदू गृहिणीच्या पांघरुणात मुसलमान विणकराचा धागा असावा, यात त्या काळी कोणास नवल वाटत नव्हते.

मक्केत गेलेल्या या कारागीरांनी केवळ वस्त्र विणले नाही. त्यांच्या शेजारी बसून स्थानिक तरुणांनी काम उचलले आणि थोड्याच वर्षांत माग त्यांच्या हाती आले. पुढे १९३६ मध्ये ईजिप्तशी समेट झाला, किस्वा पुन्हा कैरोहून येऊ लागला आणि मक्केची कार्यशाळा काही काळाने बंद पडली. १९६२ मध्ये दोन्ही देशांचे संबंध पुन्हा बिघडले, तेव्हा मक्केत हे काम फिरून सुरू झाले. १९७७ मध्ये ते उम्म अल्-जूद येथील नव्या वास्तूत गेले आणि तेथे ते आजतागायत चालू आहे. बंद पडलेले काम पुन्हा उभे राहू शकले, कारण मधल्या काळात ते शिकलेले हात नष्ट झाले नव्हते. इमारतीला कुलूप लागले तरी बोटांतील विद्येला लागत नाही.

या हकीकतीत एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. बादशहांची नावे आहेत, कार्यशाळेच्या जागेचे नाव आहे, तारखाही आहेत. परंतु मागावर बसलेल्या त्या माणसांचा उल्लेख रूढ वृत्तांतांत बहुतेक 'हिंदी कारागीर' या दोन शब्दांत आटोपतो. त्यांच्या घरी कोण होते, त्यांतील कोण परत आले आणि कोण तेथेच मातीआड झाले, हे त्या दोन शब्दांत मावत नाही.

करारबद्ध मजुरांच्या वंशजांना हे दुःख नव्याने सांगावे लागणार नाही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' हे जहाज ३६ मजुरांना घेऊन पोर्ट लुईस बंदरात लागले आणि पुढील पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या वाटेने मॉरिशसला गेली. कलकत्ता व मद्रास यांच्याप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली आणि त्यांतून मराठी माणसे गेली. महिना पाच रुपये मजुरी, शिधा आणि वर्षाकाठी थोडेसे कपडे, ही त्यांच्या कराराची ढोबळ रूपरेषा होती. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची 'दुप्पट कपात' ही त्या कराराची काळी बाजू. मक्केतील विणकर आणि मळ्यावरील मजूर यांची स्थिती सारखी होती असे म्हणणे सत्यास सोडून होईल. विणकराला त्याच्या कौशल्यासाठी मानाने बोलाविले होते. मजुराकडून केवळ त्याच्या दंडातील बळ हवे होते. पण दोघांच्या बाबतीत एक न्याय सारखाच लागू पडला. काम राहिले, करणारा विसरला गेला.

गोधडीच्या इतिहासातही अशीच एक कथा आहे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ आणि मुंडगोड या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले होते आणि तेथून सुटून त्यांनी या रानांचा आश्रय घेतला. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. या सिद्दी स्त्रिया 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात. कडेपासून आत आत टाका घालीत जाणे ही तिची रीत. आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची 'फुला' नावाची लहान त्रिकोणी फुले बसविल्यावाचून ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. ज्यांचे मूळ गाव, मूळ भाषा आणि मूळ नाव हिरावले गेले, त्यांनी टाक्यांतून आपली खूण राखली. आज देशोदेशीच्या प्रदर्शनांत या कवंदी मांडल्या जातात आणि पुष्कळदा त्यांच्यासोबत ती शिवणाऱ्या स्त्रीचे नावही लिहिलेले असते. ही सुधारणा लहान नाही.

सौदी अरेबियाच्या हस्तकला वर्षाकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात रियाध येथे 'बनान' हा आंतरराष्ट्रीय हस्तकला सप्ताह भरला. 'बनान' या अरबी शब्दाचा अर्थ बोटांची अग्रे असा आहे. अनेक देशांचे कारागीर तेथे आपापल्या मालासह जमले आणि हातांचा गौरव झाला. हे योग्यच झाले. परंतु त्याच देशात आज सुमारे पंचवीस लाख हिंदी माणसे काम करीत आहेत आणि त्यांतील फार मोठा भाग इमारती बांधणाऱ्या, वाहने हाकणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या श्रमिकांचा आहे. परवाना देणाऱ्या मालकाशी कामगाराला जखडून ठेवणारी 'कफाला' ही पद्धत तेथे दीर्घकाळ चालत आली. २०२१ मध्ये सुधारणा होऊन अनेक कामगारांना मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची व देशाबाहेर जाण्याची मोकळीक मिळाली. त्या सुधारणांत घरकामगारांचा समावेश मात्र नव्हता. ज्यांच्या आजा-पणजांनी दुप्पट कपात सोसली, त्यांना या वाक्याचा अर्थ इतरांपेक्षा लवकर कळेल. हाताची पूजा करणाऱ्या समाजाने हात ज्याचे आहेत त्या माणसाचीही विचारपूस केली पाहिजे. ही अपेक्षा एका देशाकडून किंवा एका धर्माकडून करावयाची नसून सर्वांकडूनच करावयाची आहे. मुंबईतील गिरणीकामगार आणि ऊसतोडणीला जाणारी मराठवाड्यातील कुटुंबे यांचा इतिहास डोळ्यांपुढे असता मराठी समाजालाही या बाबतीत मान ताठ ठेवता येणार नाही.

मॉरिशसमधील वंशजांच्या हाती मात्र एक ठेवा असा आहे की, जो मक्केच्या विणकरांना लाभला नाही. ज्या घाटावर त्यांचे पूर्वज उतरले तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसास्थळ झाला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवासी मजुरांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. त्यांत क्रमांक आहे, नाव आहे, बापाचे नाव आहे, गाव आहे आणि कित्येकांचे छायाचित्रही आहे. त्या वह्या मजुरांवर पाळत ठेवण्यासाठी लिहिल्या गेल्या होत्या, गौरवासाठी नव्हे. तरीही त्यांच्याच आधारे आज एखादा नातू रत्नागिरी जिल्ह्यातील आपले गाव शोधून काढू शकतो. तथापि त्या वह्यांत माणसाच्या उंचीची नोंद आहे. त्याच्या बायकोच्या हातातील टाक्याची नोंद नाही. ती नोंद घरोघरीच्या पेट्यांत आणि कपाटांत घडी घालून ठेवलेली आहे.

ती आता लिहून काढण्याची वेळ आली आहे. ज्या घरात आजीची गोधडी, पणजीचे भरतकाम किंवा आईने विणलेली झालर असेल, त्या घराने त्या वस्तूच्या मागील बाजूस एक लहानशी पांढरी पट्टी शिवावी आणि तीवर ती करणाऱ्या स्त्रीचे नाव, तिचे गाव आणि ठाऊक असल्यास साल, एवढेच लिहावे. मंडळाच्या एखाद्या वार्षिक उत्सवात अशा वस्तू एका दालनात मांडल्या, आणि ज्यांना टाका येतो अशा वडीलधाऱ्या बायांनी त्याच दिवशी मुलींना व मुलांनाही धावदोरा शिकविला, तर त्यास खर्च फारसा येणार नाही. मक्केच्या मागांवरील त्या हिंदी विणकरांची नावे आज कोणाला मिळवून देता येणार नाहीत. आपल्या घरातील नावे मात्र अजून सांगणारी माणसे जिवंत आहेत, तोवर विचारून घ्यावीत.